पाण्याची मोजणी आणि पाण्याची पारख

उन्हाळा तापू लागला की देऊळगाव राजासारख्या विदर्भ आणि मराठवाडा यांच्या सीमेवरील गावांत एकच प्रश्न सर्वांच्या तोंडी असतो: पाणी किती उरले आहे? खडकपूर्णा प्रकल्पाचा साठा किती टक्क्यांवर आला, नळ किती दिवसांनी सुटणार, टँकर कोणत्या गावाला लागला, याचे आकडे छापले जातात, आढावा बैठकांतून वाचले जातात आणि मोर्चेही त्यांवरच निघतात. हे स्वाभाविक आहे. परंतु जे पाणी आहे ते कसे आहे, हा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक पाण्याच्या गुणधर्मांकडे थोडे बारकाईने पाहिले, तर या दोन प्रश्नांची फारकत करता येत नाही, हे ध्यानात येते.

हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक, एवढाच पाण्याच्या रेणूचा संसार. परंतु या रेणूच्या एका अंगाला किंचित ऋण आणि दुसऱ्या अंगाला किंचित धन विद्युत्भार असतो. त्यामुळे रेणू एकमेकांना धरून राहतात आणि त्यांना विलग करण्यास विलक्षण उष्णता खर्चावी लागते. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ व्हावयास सुमारे ५४० कॅलरी लागतात. पाझरणाऱ्या माठातील पाणी वैशाखातही गार राहते आणि उन्हात राबणाऱ्या शेतमजुराचे अंग घामाने निवते, ते या गुणामुळेच. काळ्या मातीच्या बारीक कणांतून ओल वर चढते आणि मुळाशी शोषलेला रस झाडाच्या शेंड्यापर्यंत पोहोचतो, त्यामागेही रेणूंची ही परस्परांवरील पकडच आहे. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते आणि बर्फ त्यावर तरंगतो. म्हणून थंड देशांतील तळी वरून गोठली, तरी तळाशी मासे जिवंत राहतात.

तथापि सजीवांच्या दृष्टीने या सर्वांहून थोर गुण आहे तो विरघळविण्याचा. पिकाला खत हवे असले, तरी ते पाण्यात विरघळल्यावाचून मुळांना घेता येत नाही. अन्नाचे सत्त्व रक्तावाटे पेशीपर्यंत जाते ते पाण्याच्याच आधाराने. निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून अवघे दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. शरीराचा एवढा मोठा कारभार पाण्याच्या या एका गुणावर चालतो. मात्र या उदार द्रवाला निवड करता येत नाही. ज्या खडकातून, ज्या मातीतून आणि ज्या शेतातून ते वाहते, तेथील हितकारक आणि अपायकारक असे दोन्ही पदार्थ ते सारख्याच तत्परतेने उचलते.

याचा दाखला शोधावयास बुलढाणा जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. लोणारच्या विवरात गोड्या पाण्याची धार वाहते आणि त्याच विवराच्या तळाशी खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. खोलगटात आलेल्या पाण्याला बाहेर वाट नाही. पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार मागे साचत राहतात. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. लोणारला हा निसर्गाचा चमत्कार म्हणून पाहता येतो. परंतु उत्तरेकडे तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात तेच विज्ञान शाप होऊन उभे राहते. तेथे विहिरीत पाणी असूनही ते धड पिता येत नाही आणि पिकाला दिले, तर त्यातील सोडियममुळे जमीन चिबड होते. या पट्ट्यातून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येत आहेत. तेथे साठ्याचा आकडा समाधानकारक असला, तरी तो ग्रामस्थाच्या काय उपयोगाचा?

खारे पाणी निदान जिभेला कळते. डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, भांड्याला पांढरा थर धरू लागला, की पाणी जड आहे हे घरातील बाई कोणत्याही प्रयोगशाळेवाचून ओळखते. परंतु नायट्रेटला रंग नाही, वास नाही आणि चवही नाही. शेतात गरजेपेक्षा अधिक पडलेले नत्रखत आणि गावातील सांडपाणी यांवाटे ते भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती ओलांडली गेल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटू शकते. तुरटी फिरवून ते जात नाही, फडक्याने गाळून जात नाही आणि पाणी उकळले, तर वाफ उडाल्याने त्याची तीव्रता उलट वाढते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात नायट्रेटचे प्रमाण अधिक असलेल्या जिल्ह्यांत बुलढाण्याचे नाव आहे. पिढ्यान् पिढ्या उपयोगी पडलेली घरगुती पारख येथे निरुपाय ठरते.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अकस्मात गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच आला आणि नमुने धावतपळत तपासणीस गेले. पुढे शोधाची दिशा धान्यातील सेलेनियमकडे वळली, ही गोष्ट वेगळी. प्रश्न असा, की संकट आल्यावाचून आपल्या विहिरीत काय आहे हे ग्रामस्थाला कळू नये काय? तपासणीची सोय नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना तपासणी संच हाताळण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. उणीव आहे ती तपासणीचा निष्कर्ष पाणी पिणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची.

म्हणून प्रत्येक सार्वजनिक विहिरीची आणि विंधन विहिरीची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी व्हावी आणि तिचा निष्कर्ष सोप्या मराठीत त्या पाणवठ्यावरच लावला जावा. पाणी लागेना म्हणून अधिकाधिक खोल बोअर घेण्याऐवजी पावसाचे पाणी जिरविण्यावर भर द्यावा. त्याने विहिरींची पातळी वाढते आणि पुष्कळ ठिकाणी क्षारांची तीव्रताही उतरते. मातीची परीक्षा करूनच खताची मात्रा ठरावी. या गोष्टींना धरणाएवढा पैसा लागत नाही. चिकाटी मात्र लागते. आज ज्याची ऐपत आहे तो वीस लिटरचा जार विकत घेतो आणि ज्याची नाही तो बोअरचे पाणी मुकाट्याने पितो. शुद्ध पाणी असे ऐपतीवर अवलंबून राहणे कोणत्याही कल्याणकारी शासनाला शोभणारे नाही.

देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते आणि खडकपूर्णेच्या जलाशयाला त्यांचेच नाव दिले आहे. ज्या समाजाला सार्वजनिक पाणवठ्याला शिवण्याची बंदी होती, त्या समाजातील या संताचे नाव एवढ्या मोठ्या जलाशयाला लाभावे, यात मोठे औचित्य आहे. पाणी सर्वांचे, हा हक्क १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर झगडून मागावा लागला. तो हक्क ओंजळभर पाण्यापुरता नव्हता. माणूस म्हणून समान वागणुकीचा होता. मग नगरातील नळाला गाळून आलेले पाणी आणि वस्तीवरच्या हातपंपाला कधीच न तपासलेले पाणी, हा भेद त्या नावाच्या जलाशयाशेजारी कसा चालावा? साठ्याची टक्केवारी सांगणाऱ्या प्रत्येक फलकावर पाण्याच्या गुणवत्तेची एक ओळ जोडली गेली, तर त्या नावाचा मान राखण्याची ती सुरुवात ठरेल.