दोष केवळ ट्रकांचाच?

डिचोलीत अपघात झाला की बोट आधी खनिजाच्या ट्रकाकडे जाते. ते अगदीच खोटे नाही. सारमानसच्या धक्क्याकडे धावणाऱ्या ट्रकांच्या रांगा आणि लाल धूळ या तालुक्याने वर्षानुवर्षे सोसली. पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, बहुतेक ट्रक दारात उभे राहिले. मग रस्ते निर्धोक झाले का? २०१८ ते २०२२ या प्रत्येक वर्षी गोव्यात दोनशेहून अधिक माणसे रस्त्यावर दगावलीच. तोटा दुसऱ्याच्या खात्यावर मांडला म्हणून तो भरून निघत नाही, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तरी सांगायला नको.

२०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे अपघातांत गेली. त्यांतील ५० हजारांवर दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यासाठी हजार रुपये दंड आहे. तरीही पोलीस दिसेपर्यंत आपले हेल्मेट कोपराला लटकते, आणि मागे बसणाऱ्याला तर जणू डोकेच नसते!

२०२४ पासून डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले आहे. ट्रकांच्या वेगाला आणि वेळेला सरकारने शिस्त लावावी, हा आग्रह आपण सोडता कामा नये. पण स्वतः बेशिस्त असणाऱ्याच्या मागणीला वजन कोठून येणार? म्हणून माझी सूचना अशी : दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असेल तरच दुचाकी कॉलेजच्या फाटकातून आत घ्यावी. नियम विद्यार्थ्यांना, तसाच प्राध्यापकांनाही. याला ना सरकारी पैसा लागतो, ना न्यायालयाचा निकाल.