युद्ध जिंकून घरी आले आणि तुरुंगात गेले

सैनिकाची गोष्ट आपण कुठे संपवतो? पदक मिळालं, फोटो छापून आला, की संपली. पण खरी परीक्षा बऱ्याचदा त्यानंतर सुरू होते, आणि ती शत्रू नाही, आपलंच सरकार घेतं. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या चेक सैनिकांची आयुष्यं वाचा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

सप्टेंबर १९३८. म्युनिकमध्ये ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनी या चौघांनी बसून चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा देश, त्यांना चर्चेला बसवलंसुद्धा नाही. १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. मग कित्येक सैनिक आणि वैमानिक चोरवाटांनी पोलंडला गेले, तिथून फ्रान्सला, आणि फ्रान्स पडल्यावर ब्रिटनला. ज्या ब्रिटन-फ्रान्सने त्यांना वाऱ्यावर सोडलं होतं, त्यांच्याच बाजूने लढायला!

योसेफ फ्रांटिशेक हा त्यातला एक. ब्रिटनच्या हवाई लढाईत पोलिश वैमानिकांच्या ३०३ व्या स्क्वाड्रनमधून उडताना त्याने एकट्या सप्टेंबर १९४० मध्ये १७ जर्मन विमानं पाडली. ८ ऑक्टोबरला विमान कोसळून तो गेला. आदल्याच दिवशी त्याला २६ वं वर्ष पूर्ण झालं होतं.

ब्रिटिश हवाई दलात असे सुमारे अडीच हजार चेकोस्लोव्हाक होते. पाचशेच्या आसपास परत आले नाहीत. जे परतले, त्यांचं १९४५ मध्ये प्रागच्या रस्त्यांवर स्वागत झालं. तीन वर्षं गेली. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि हेच लोक एका रात्रीत 'पश्चिमेचे हस्तक' ठरले.

फ्रांटिशेक फायट्ल बघा. १९४२ मध्ये फ्रान्सवर त्यांचं विमान पाडलं गेलं. लपतछपत, चालत त्यांनी स्पेन गाठलं आणि पुन्हा ब्रिटनला येऊन उडायला लागले. १९४४ मध्ये तेच रशियाच्या बाजूला गेले आणि स्लोव्हाकियातल्या उठावाला मदत करायला जर्मनांच्या पिछाडीला विमानं घेऊन उतरले. म्हणजे दोन्हीकडून लढलेला माणूस. बक्षीस काय मिळालं? १९५० मध्ये खटला न चालवता सक्तमजुरी.

एअर मार्शल कारेल यानोउशेक हे ब्रिटनमधल्या चेकोस्लोव्हाक हवाई दलाचे प्रमुख. ते लढत असताना त्यांची पत्नी ऑशवित्झच्या छळछावणीत मेली. १९४८ मध्ये नव्या सरकारने त्यांना पकडलं. सुटले ते १९६० मध्ये.

जनरल हेलिओदोर पीका तर युद्धकाळात मॉस्कोत होते, चेकोस्लोव्हाक लष्करी पथकाचे प्रमुख म्हणून. त्यांनाही देशद्रोही ठरवलं आणि २१ जून १९४९ ला पिल्झेनच्या तुरुंगात फाशी दिली. १९६८ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. निर्दोष! फाशीनंतर १९ वर्षांनी.

कोणी म्हणेल, ती हुकूमशाही होती, आपल्याला काय त्याचं? मला हे उत्तर पटत नाही. शूर कोण आणि गद्दार कोण, हे सांगायचा मक्ता एकदा सत्तेच्या हातात गेला, की झेंड्याचा रंग कुठलाही असो, हेच होतं. प्रागमध्ये त्या काळी शाळेत पूर्व आघाडीच्या सैनिकांचे पोवाडे होते आणि पश्चिम आघाडीवाले जणू नव्हतेच. आता राजवट बदलली म्हणून तराजू उलटा करायचा का? मार्च १९४३ मध्ये सोकोलोवोला लाल सेनेबरोबर जर्मनांशी भिडलेले चेकोस्लोव्हाक सैनिकही खरेच होते. त्यांच्यात हिटलरच्या तावडीतून पळालेले ज्यू होते, आणि आसरा मागायला गेले म्हणून रशियाच्याच श्रमछावण्यांत खितपत पडलेले लोकही होते. त्यांना कुठल्या खान्यात टाकणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच की सैनिकाची गोष्ट पूर्ण सांगा, आणि ती लोकांनी सांगा. सरकारवर सोडू नका.

चेक लोकांनी हे करून दाखवलंय. २००१ मध्ये काही पत्रकार आणि इतिहास अभ्यासकांनी मिळून 'पोस्ट बेलम' नावाची संस्था काढली. म्हाताऱ्या साक्षीदारांकडे जायचं, त्यांना पूर्ण आयुष्य बोलू द्यायचं आणि ते ध्वनिमुद्रित करायचं. नुसती लढाई नाही, तुरुंग, भीती, नोकरी, पोरांची शिक्षणं, सगळं. त्यांच्या एका उपक्रमात शाळेतली मुलं आपल्याच गल्लीतल्या आजी-आजोबांची गोष्ट नोंदवून घेतात. हे काम वेळेत सुरू झालं म्हणून बरं. ब्रिटिश हवाई दलातले शेवटचे चेक लढाऊ वैमानिक एमिल बोचेक मार्च २०२३ मध्ये गेले, वयाच्या १०० व्या वर्षी. आता विचारायला कोणी उरलेलं नाही.

आपल्याकडे तर घरटी फौजी असलेली गावं आहेत. १९६२, ६५, ७१ पाहिलेली माणसं अजून पारावर बसलेली दिसतात. १५ ऑगस्टला आपण त्यांना शाल-श्रीफळ देतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. घरी आल्यावर काय मिळालं, पेन्शनसाठी किती खेटे घातले, मागे घर कोणी चालवलं, हे कोण विचारतं? शाळेतल्या गुरुजी-बाईंनी नववीच्या पोरांना एवढं एक काम द्यावं. प्रत्येकाच्या घरात मोबाइल आहे, रेकॉर्डिंगला पैसे पडत नाहीत.

फक्त एक करा. तो फौजी बोलायला लागला की त्याला लढाईपाशी थांबवू नका. "मग पुढे काय झालं?" असं विचारा.