इंधन बदलले, आता कसोटी बर्नरची

नवी दिल्ली : राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील उद्योगांनी कोणते इंधन जाळावे, हा प्रश्न नियमांनी बहुतांशी सोडवला आहे. ते कसे जाळावे, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात पेटकोक व फर्नेस ऑइलच्या वापरावर बंदी घातली. त्यानंतर हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने मान्य इंधनांची यादी जाहीर केली. औष्णिक वीज केंद्रांसारखे मोजके अपवाद वगळता १ जानेवारी २०२३ पासून या क्षेत्रातील उद्योगांत कोळसा जाळण्यास मनाई झाली. फरीदाबाद, गाझियाबाद, सोनीपत येथील अनेक कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. त्याच सुमारास युक्रेन युद्धामुळे आयात वायू महागला आणि इंधनाच्या खर्चाचा भार लघुउद्योगांना जाणवू लागला.

हा भार हलका करण्याचा मार्ग बर्नरमधून जातो. एक घनमीटर वायू जाळण्यास सुमारे दहा घनमीटर हवा लागते. हवा कमी पडली तर ज्वलन अपुरे राहते. जास्त झाली तर ती उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते. पोलाद तापवणारी भट्टी १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास चालत असल्याने हे नुकसान मोठे असते. धुरातील उष्णतेने ज्वलनाची हवा आधीच तापवता येते. हवेचे तापमान दर २० अंशांनी वाढल्यास सुमारे एक टक्का इंधन वाचते, असा ऊर्जा लेखापरीक्षणातील ठोकताळा आहे.

पण येथेच पेच आहे. हवा तापवली की ज्योत अधिक प्रखर होते आणि नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण वाढते. हेच वायू पुढे हवेत सूक्ष्म कण तयार करतात. म्हणजे गंधकयुक्त इंधन गेले, तरी प्रदूषण संपत नाही. हवा टप्प्याटप्प्याने सोडून ज्योतीचे तापमान आटोक्यात ठेवणारे बर्नर हे त्यावरील उत्तर आहे. मात्र त्यांच्यासाठी भट्टीनुरूप आखणी आणि भांडवल दोन्ही लागते.

फिरोजाबादचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. ताजमहाल परिसरातील उद्योगांबाबत १९९६ मध्ये न्यायालयाचा आदेश आल्यानंतर तेथील काच उद्योग वायूकडे वळला. तेव्हा दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने धुरातील उष्णता परत वापरणारी भट्टी विकसित केली आणि छोट्या कारखान्यांनी ती स्वीकारली. आदेशाला तंत्रज्ञानाची जोड मिळाली, हे तेथील यशाचे मर्म होते.

राजधानी क्षेत्रातही केवळ इंधनाचा प्रकार तपासून भागणार नाही. धुरातील ऑक्सिजन व नायट्रोजन ऑक्साइडचे नियमित मापन आणि बर्नर बदलण्यासाठी लघुउद्योगांना सुलभ कर्ज मिळाले, तरच स्वच्छ हवेची किंमत त्यांना परवडेल.