मिनिटामिनिटाची नोंद आणि ४६ हजार पाने

गेल्या महिन्यात आमच्या टेबलावर एकाच पत्राच्या सात झेरॉक्स येऊन पडल्या. पाठवणारे सात वेगवेगळे वाचक, सगळे द्राक्षाचे पॅकहाउस आणि शीतगृह चालवणारे. प्रत्येकाने समासात एकच वाक्य निळ्या पेनाने अधोरेखित केलेले: ‘प्रत्येक कक्षातील तापमानाची नोंद दर मिनिटास घेण्यात यावी व तिची छापील प्रत स्वाक्षरी व शिक्क्यासह हंगाम संपेपर्यंत जतन करण्यात यावी.’ एका वाचकाने खाली एवढेच लिहिले आहे, ‘साहेब, जतन कुठे करू? कोल्ड रूममध्ये?’

हिशेब करून पाहू. मिनिटाला एक म्हणजे दिवसाला १,४४० नोंदी, तेही एका प्रोबच्या. पानावर ६० ओळी बसवल्या तर २४ पाने. मध्यम आकाराच्या पॅकहाउसात प्री-कूलिंग आणि कोल्ड रूम मिळून १६ प्रोब सहज असतात, म्हणजे दिवसाला ३८४ पाने. १२० दिवसांच्या हंगामाला ४६,०८०. प्रत्येक पानावर सही आणि शिक्का. सहीला पाच सेकंद धरले तरी हंगामाचे ६४ तास एक माणूस फक्त सह्याच करणार. त्याने गराचे तापमान कधी बघायचे?

पत्र काढणाऱ्याचा हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. जितक्या नोंदी जास्त तितका माल सुरक्षित, असा त्याचा साधा समज दिसतो. पण ज्याने कधी कोल्ड रूममध्ये उभे राहून डिफ्रॉस्ट पाहिले आहे, तो असे वाक्य लिहिणार नाही. कॉइलवरचे बर्फ उतरवायला २०-३० मिनिटे हीटर लागतो, तेवढ्या वेळात हवेतला प्रोब तीन-चार अंशांची उडी मारतो आणि परत खाली येतो. पेटीतल्या मण्याला त्याचा पत्ताही नसतो. मिनिटाच्या नोंदीत मात्र त्या उडीच्या २५ ओळी लाल अक्षरात उमटतात. तपासणीला आलेला माणूस त्या २५ ओळींवर बोट ठेवून ‘इथे साखळी तुटली’ असे लिहून जातो. गेल्या हंगामात असे शेरे मिळालेल्या तीन सभासदांची पत्रे आमच्याकडे आहेत. तिघांच्याही शेऱ्यातल्या वेळा त्यांच्या डिफ्रॉस्ट टायमरशी तंतोतंत जुळतात.

मुळात कुठल्या नोंदीला किती अंतर हवे, हा आपल्या धंद्यातला जुना आणि सुटलेला प्रश्न आहे. प्री-कूलिंगमध्ये द्राक्ष सहा-आठ तासांत खाली आणायचे असते, तिथे पाच मिनिटे ठेवा. साठवणुकीच्या खोलीला दहा पुरतात. फळमाशीच्या अळ्या थंडीने मारण्याची जी शीतप्रक्रिया अमेरिका मागते, तिथे अर्धा अंश वर गेला तरी अख्खा कंटेनर अडकतो. त्या कामालाही नोंदींत तासापेक्षा जास्त अंतर नको, एवढीच अट आहे. किड्याचा मृत्यू सिद्ध करायला तासाची नोंद चालते, मग आमच्या थॉमसन द्राक्षाला मिनिटाची का?

कागदापेक्षाही मोठे नुकसान पॅलेटवरच्या लॉगरचे होणार आहे, आणि ते पत्र काढणाऱ्याच्या ध्यानीमनीही नाही. पत्र वाचून काही निर्यातदारांनी कंटेनरमध्ये टाकायच्या यूएसबी लॉगरचे अंतरही आताच मिनिटावर आणले आहे. ‘सगळीकडे एकच असू दे, भानगड नको.’ या लॉगरची मेमरी साधारण १६,००० नोंदींची असते. दहा मिनिटांच्या अंतराने ती १११ दिवस पुरते. मिनिटाच्या अंतराने ११ दिवस आणि पावणेतीन तास. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपचा माल केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागला. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. पॅकहाउसला बटण दाबलेला हा लॉगर जहाज केपला पोचायच्या आतच भरतो. पुढे काय होते ते सेटिंगवर अवलंबून. ‘भरल्यावर थांब’ असेल तर रॉटरडॅमपर्यंतचा उरलेला सगळा प्रवास कोरा. ‘जुने पुसून पुढे लिही’ असेल तर लोडिंगचा दिवस पुसला गेला. क्लेम लागतो तो या दोन टोकांवरच. भरताना गर किती अंशावर होता हे आपल्याला दाखवायचे असते आणि उतरवताना किती होता हे समोरचा दाखवतो. यातले एक टोक गेल्यावर आपल्या हातात मधला समुद्र असून उपयोग काय?

(कंटेनरच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्येही नोंद होत असते. ती शिपिंग लाइनकडे मागावी लागते, लेखी आणि वेळेत. मागणारे किती जण आहेत, हे आम्ही विचारणार नाही.)

आता थोडे आपल्याकडे. पत्रावर चिडलेल्या सातांपैकी चौघांना आम्ही फोन करून विचारले, तुमच्या खोलीतल्या लॉगरची मेमरी किती? दोघे म्हणाले ‘बक्कळ आहे’. एक म्हणाले ‘कंपनीच्या माणसाला माहीत’. चौथ्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की मागच्या फेब्रुवारीपासून फाइल उतरवलेलीच नाही. ३२,००० नोंदींचा लॉगर, तापमान आणि आर्द्रता असे दोन चॅनल चालू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १६,०००. दहा मिनिटांनीसुद्धा तो मे संपायच्या आत स्वतःला पुसू लागतो. फेब्रुवारीचा डेटा आता कुणाच्याच हाती लागणार नाही.

आणि हे लिहिणाऱ्याचेही हात स्वच्छ नाहीत. तीन वर्षांपूर्वी आमच्याच पॅकहाउसातला कार्डवाला लॉगर एप्रिलच्या मध्यावर गप्प झाला. कार्ड काढून पाहिले तर २ जीबीतले जेमतेम ४० एमबी वापरलेले. तंत्रज्ञाने कार्ड बदला म्हणून सांगितले. आम्ही मोठेच आणू म्हणून ६४ जीबीचे आणले, तर लॉगरने ते ओळखलेच नाही. ३२ जीबीच्या वरची कार्डे वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि जुन्या लॉगरला ती भाषा वाचता येत नाही. खरे दुखणे आठवड्याने कळले. छोटे कार्ड फॅट१६ पद्धतीचे, त्याच्या मुख्य फोल्डरात ५१२ नावांपेक्षा जास्त नावे मावत नाहीत. आमचा लॉगर वीज गेली-आली की नवी फाइल उघडायचा. जनरेटर उचलायला लागणारे वीस सेकंद त्याला पुरत. दिवसाला पाच वेळा वीज गेली की १०२ दिवसांत घर भरले. घर रिकामे, पण दारावर पाट्या लावायला जागा नाही! तेव्हा हजार-दीड हजाराचा छोटा यूपीएस त्या लॉगरला लावला असता, तर ही वेळ आलीच नसती.

म्हणूनच मोठ्या मेमरीच्या मागे लागू नका. नोंदीची एक ओळ ४० अक्षरांची धरली, १६ प्रोब आणि मिनिटाचे अंतर धरले, तरी १२० दिवसांच्या सगळ्या ओळी ११० एमबीत बसतात. जागा कधीच कमी पडत नाही. कमी पडतो तो फाइल उतरवणारा माणूस.

तो उतरवतो तेव्हाही काय करतो ते पाहा. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडतो, बघतो, आणि बंद करताना ‘सेव्ह’ म्हणतो. ३ फेब्रुवारीची नोंद २ मार्चला जाऊन बसते, १३ तारखेपासूनच्या तारखा मजकूर बनून राहतात, आलेख गोधडीसारखा दिसतो. जुन्या एक्सेलमध्ये तर ६५,५३६ ओळींनंतरचे पुढचे दिसतच नाही. मिनिटाच्या नोंदीत ते म्हणजे साडेपंचेचाळीस दिवस. लॉगरची मूळ फाइल जशी उतरली तशी, हात न लावता वेगळ्या ठिकाणी ठेवा. खरेदीदाराचा ऑडिटर तीच मागतो. बॅटरी बदलली की घड्याळ तपासा. २००० सालच्या १ जानेवारीला कुणीही द्राक्ष पाठवले नव्हते. कार्ड कॉम्प्युटरवर फॉरमॅट करू नका, लॉगरमध्येच करा. दर सोमवारी फाइल उतरवा, आणि नाव ‘लॉग१’ नको, खोली आणि तारीख लिहा.

गोडी छाटणी तोंडावर आली आहे. पॅकहाउसचे शटर उघडायला अजून तीन महिने हातात आहेत, आणि हे पत्र बदलून घ्यायलाही तेवढेच. संबंधित कार्यालयाला आम्ही लेखी म्हणणे देणार आहोत: प्री-कूलिंगला पाच मिनिटे, साठवणुकीला दहा, डिफ्रॉस्टच्या वेळा नोंदीत वेगळ्या दाखवण्याची मुभा, आणि छापील प्रतीऐवजी मूळ फाइल ग्राह्य. पण त्यासाठी आपल्या हातात आपलेच आकडे हवेत. येत्या १५ तारखेपर्यंत प्रत्येक सभासदाने एका पोस्टकार्डावर चार गोष्टी कळवाव्यात: खोल्या किती, प्रोब किती, लॉगर सध्या किती मिनिटांवर लावला आहे, आणि त्याची मेमरी किती नोंदींची आहे. शेवटच्या रकान्यात ‘बक्कळ’ लिहिलेली कार्डे आम्ही परत पाठवू.