इंजिन जपायचे की इंजिनाचे ज्ञान?

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, हे तुम्ही शाळेत शिकता. ती ओढणाऱ्या तीन इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान. ती पाहायची म्हटले तर कोठे जाल? त्यांपैकी एकही आज पाहायला उरलेले नाही.

पुढे आपण थोडे शहाणे झालो. १९७७ साली दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले. अनेक स्थानकांसमोर रंग दिलेली जुनी इंजिने उभी राहिली. हे चांगलेच झाले. पण एवढ्याने वाफेचे इंजिन जपले गेले, असे मला वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी एका शेडमध्ये पेटत्या इंजिनावर चढण्याची संधी मला मिळाली. एका वृद्ध फायरमनने माझ्या हाती फावडे दिले. मी उत्साहाने भट्टीच्या मधोमध कोळशाचा ढीग घातला. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघाला आणि दाबमापकाचा काटा उतरू लागला. “साहेब, आगीलाही श्वास लागतो. थोडा थोडा टाका, पसरून टाका,” तो म्हणाला. थर पातळ आणि सारखा असेल तरच खालच्या जाळीतून हवा मिळून कोळसा पूर्ण जळतो. पुस्तकात हे वाचले होते. समजले मात्र त्या दिवशी.

इंजिन चालू लागल्यावर दुसरा धडा मिळाला. दट्ट्या ढकलून झालेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर पडते. तिच्याबरोबर भट्टीतला धूर ओढला जातो आणि खालून ताजी हवा आत शिरते. म्हणजे चढावर वाफ जास्त लागली, की आगीला हवाही आपोआप जास्त मिळते! आपली ‘झुकझुक’ ती हीच. दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार हुंकार ऐकू येतात. थंड पडलेले इंजिन हे कसे शिकवणार?

यावर कोणी म्हणेल, चालवल्याने भाग झिजतात, ते बदलावे लागतात. मग अस्सल काय उरले? शिवाय बॉयलर म्हणजे खेळणे नव्हे. भट्टीच्या छतावरचे पाणी आटले तर पत्रा तापून मऊ होतो आणि फुटतो. हे दोन्ही आक्षेप खरे आहेत. म्हणून सगळीच इंजिने चालवा, असे मी म्हणत नाही. पण काही तरी चालती हवीत आणि ती जाणत्या हातांत हवीत.

१८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ १९९७ साली पुन्हा रुळावर धावले. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी बंद होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. वाफेवर काम केलेले हात भरपूर होते. आज ते हात थकले आहेत. हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये चालती इंजिने सांभाळली जातात. अशा ठिकाणी प्रत्येक जुन्या कारागिरासोबत एक तरुण शिकाऊ उभा राहिला पाहिजे. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे तर १९५१ पासून हौशी स्वयंसेवकांनी चालू ठेवली आहे.

शिक्षकांनी मुलांना अशा शेडमध्ये जरूर न्यावे. आणि मित्रांनो, तुमच्या गावात एखादे निवृत्त फायरमन आजोबा असतील, तर वही घेऊन आजच त्यांच्याकडे जा. लोखंड आणखी शंभर वर्षे टिकेल. आजोबांच्या हातातली विद्या तितकी थांबणार नाही.