मिरगाची डेडलाइन

परवा कॅन्टीनमध्ये आमच्या टीममधल्या नव्या पोरानं अगदी निरागस चेहऱ्यानं विचारलं, ‘‘तुम्ही लोक आधी वॉटरफॉलमध्ये काम करायचात? म्हणजे सगळं आधी लिहून वगैरे?’’ सूर असा, की जणू मी ऑफिसला बैलगाडीतून यायचे! मला हसू आलं. कारण काही वर्षांपूर्वी मीही अशीच होते. वॉटरफॉल म्हणजे सरकारी फायली आणि अजाइल म्हणजे बोर्डावरच्या रंगीत चिठ्ठ्या, असा आपला सोप्पा हिशेब. तो हिशेब चुकला आजीच्या घरापायी. तोही हिंजवडीत नाही, कापड्याला.

कापडे हे आमचं गाव. रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूर तालुक्यात, महाबळेश्वरच्या डोंगराखाली, कोकणच्या बाजूला. पाऊस असा, की बोलायची सोय नाही. २२ जुलै २०२१ चा दिवस आमच्याकडे कुणी विसरणार नाही. शेजारच्या महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमच्या तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडींनी माणसं नेली. आमचं घर वाचलं, पण मागची भिंत पाण्यानं फुगली. त्या दिवसापासून रात्री पाऊस वाढला की आजी अंथरुणात उठून बसायची. घर दुरुस्त करायचं हे तेव्हाच ठरलं. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत २०२२ ची दिवाळी उजाडली.

आता घरात प्रोजेक्टवाली कोण? अस्मादिक! मी एक्सेल उघडलं आणि ४२ ओळींचा प्लॅन केला. मागची भिंत पाडणं, नवा पाया, छप्पर, मग स्वयंपाकघराचा ओटा, फरशी, रंग. घरातली नवीन न्हाणी ३७ व्या नंबरवर, मे महिन्यात. दिवाळीत आजीला एकदा विचारलं होतं, ‘‘तुला काय काय हवं?’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही कराल ते बरंच असंल.’’ झालं! रिक्वायरमेंट साइन ऑफ. काकांनी प्रिंटआउट ओटीवरच्या कॅलेंडरशेजारी टांगला.

वॉटरफॉल, वॉटरफॉल म्हणतात ते हेच. आधी काय हवं ते सगळं लिहा, मग आराखडा, मग बांधणी, मग तपासणी, मग ग्राहकाच्या हातात. एक पायरी संपली की दुसरी. पाणी वरून खाली येतं, पुन्हा वर चढत नाही. यातली ग्यानबाची मेख अशी, की आपण कुठं चुकलो ते ग्राहकाच्या हातात वस्तू पडेपर्यंत कळत नाही. तोवर बहुतेक पैसे संपलेले असतात.

माझ्या प्लॅनची मेख जानेवारीत निघाली. आमची जुनी न्हाणी घराबाहेर. पहाटे अंधारात आजी तिकडे जाताना दवानं ओल्या झालेल्या दगडावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. मी धावतपळत गेले, तर ती प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून बसलेली. रागावली नाही, रडली नाही. समोर भिंतीवर माझा प्रिंटआउट. ओळ ३७ : न्हाणी, मे. तिच्या अख्ख्या दिवसात जी गोष्ट सगळ्यात धोक्याची होती, ती मी सगळ्यात शेवटी ठेवली होती. का? तर प्लंबिंग आणि टाइल्सचं काम एकदम काढलं की स्वस्त पडतं म्हणून. एक्सेलच्या दृष्टीनं अगदी करेक्ट!

त्यात आणखी एक. स्वयंपाकघराचा ओटा तेवढा आधीच बांधून झाला होता. पुण्याच्या फ्लॅटमध्ये असतो तसा, उभ्यानं काम करायचा. आजीनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘‘अगं, मी बसू कुठं?’’ ती आयुष्यभर बसून भाकऱ्या थापत आली आहे. हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पण फॉर्मात तो कॉलमच नव्हता.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसात अजाइलचं वारं जोरात होतं. ट्रेनिंग झालेलं, डोक्यात किडा शिरलेला. म्हटलं, आजीचं घर अजाइल करू!

ज्यांच्या ऑफिसात हे अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या स्की रिसॉर्टवर १७ सॉफ्टवेअरवाले जमले आणि त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. चार मूल्यं आणि बारा तत्त्वं. सार असं, की जाडजूड कागदांपेक्षा चालणारी वस्तू महत्त्वाची, कंत्राटावर घासाघीस करण्यापेक्षा ग्राहकाला सोबत घेणं महत्त्वाचं आणि प्लॅनला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं महत्त्वाचं. त्यातली सगळ्यात लोकप्रिय पद्धत म्हणजे स्क्रम. काम छोट्या स्प्रिंटमध्ये तोडायचं, एक स्प्रिंट जास्तीत जास्त महिन्याचा. रोज १५ मिनिटं टीमनं बोलायचं. स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवायचं आणि काय चुकलं त्याची उजळणी करायची. आधी काय करायचं हे ठरवणारा माणूस एकच, प्रॉडक्ट ओनर.

आमची प्रॉडक्ट ओनर अर्थातच आजी. स्प्रिंट दोन आठवड्यांचा. दर दुसऱ्या शनिवारी मी ताम्हिणी उतरून माणगाव, महाड करत कापड्याला. रोज रात्री आठला फोनवर मी, काका आणि मिस्त्री. आज काय झालं, उद्या काय होणार, अडलंय कुठं. पूर्वी ‘वाळू आली नाही’ हे मला पंधरा दिवसांनी कळायचं, आता त्याच रात्री कळायला लागलं. एवढ्या एका फोननं निम्मी डोकेदुखी गेली.

पहिला स्प्रिंट फक्त न्हाणीचा. टाइल्स नाहीत, रंग नाही. खरबरीत फरशी, पाणी, दिवा आणि धरायला दांडा. आजीनं वापरायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच दिवशी ‘बग’ निघाले. दांडा उजव्या बाजूला, आणि हिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. उंबरा उंच. दिव्याचं बटण आत, म्हणजे अंधारात आत जाऊन चाचपडायचं. तिन्ही गोष्टी मिस्त्रींनी अर्ध्या दिवसात बदलल्या. कितीही प्रश्न विचारले असते तरी हे तिला दिवाळीत सांगता आलं नसतं. वापरल्याशिवाय माणसाला कळतच नाही हो, आपल्याला काय हवंय ते! पुढच्या स्प्रिंटमध्ये ओटा फोडून अर्धा बसका केला.

मी तर हवेतच. मार्चमध्ये ऐटीत जाहीर केलं, ‘‘आता भिंत आणि छप्पर पण असंच करू. थोडं उतरवू, बघू, मग पुढचं ठरवू.’’

मिस्त्रींनी विडी विझवली. ‘‘ताई, न्हाणीचा दांडा उद्या फिरवता येतो. पाया फिरवता येत नाय. आणि छप्पर अर्धं उघडं टाकून मिरगाला काय सांगायचं, तुझा स्प्रिंट पुढं ढकल म्हणून?’’

काका एवढे हसले, की मी गप्पच बसले. पण मुद्दा पटला. पायाची खोली, भिंतीमागून येणाऱ्या डोंगराच्या पाण्याला चर, लाकडाची मापं, कौलं किती, हे सगळं आधीच ठरायला हवं होतं. क्रमही बदलता येणार नव्हता. पाया, भिंत, वासे, रिपा, कौलं. शेवटची तारीख पक्की, मृग नक्षत्र, म्हणजे ७-८ जून. तेव्हा तेवढ्या भागापुरता माझा एक्सेल पुन्हा भिंतीवर चढला, या वेळी मिस्त्रींच्या सल्ल्यानं आणि पंधरा दिवस हातचे राखून.

मग लक्षात आलं, आमच्याकडची भातशेती वर्षानुवर्षं हेच तर करते. राब भाजणी, पेरणी, चिखलणी, लावणी. या क्रमाला कुणी हात लावत नाही. आवण तयार नसताना लावणी कशाची करणार? पण लावणीचा दिवस मात्र पंचांगात बघून कुणी पक्का करत नाही. सकाळी आभाळ बघायचं, खाचरात पाणी किती ते बघायचं, माणसं किती आली ते मोजायचं आणि ठरवायचं. क्रम वॉटरफॉल, दिवस अजाइल. आणि आमच्या शेतकऱ्यांनी याचं सर्टिफिकेशन केलेलं नाही.

दर खेपेला महाड सोडलं की सावित्रीवरचा पूल लागायचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्यांसह त्यावरची माणसंही. त्यानंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला, म्हणजे पुढच्या पावसाच्या तोंडावर, वाहतुकीला खुला झाला. पूल टप्प्याटप्प्यानं ‘रिलीज’ करता येत नाही. अर्धा पूल कुणाच्याच कामाचा नसतो. म्हणजे अजाइल म्हणजे फास्ट आणि वॉटरफॉल म्हणजे स्लो, हाही गैरसमजच. काय बांधायचं हे नक्की माहीत असेल तर एकामागून एक जाणारं कामही झपाट्यानं होतं.

उलट उदाहरणही आहे. अमेरिकेच्या एफबीआयनं आपल्या केस फाइल्स कॉम्प्युटरवर आणायचा एक प्रकल्प सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये अक्षरशः सोडून दिला. त्यानंतरचा ‘सेंटिनल’ हा प्रकल्पही रखडला. २०१० मध्ये त्यांनी काम स्वतःच्या हातात घेतलं, अजाइल पद्धतीनं छोटे तुकडे केले आणि २०१२ मध्ये ते चालू केलं. तिथं प्रश्न पुलाचा नव्हता, आजीच्या न्हाणीचा होता. वापरणाऱ्याला काय हवं ते वापरल्यावरच कळणार होतं.

आणखी गंमत ऐका. ज्या विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखाला वॉटरफॉलचा जन्मदाखला म्हणतात, त्यात ‘वॉटरफॉल’ हा शब्दच नाही. एकामागून एक पायऱ्यांची आकृती काढून, असं सरळसोट गेलात तर धोका आहे, असंच त्यांनी लिहिलंय. आणि स्नोबर्डच्या जाहीरनाम्यातही प्लॅन फेकून द्या असं कुठं म्हटलेलं नाही. प्लॅनलाही किंमत आहे, बदलाला जास्त आहे, एवढंच. दोन्हीकडच्या भक्तांनी मूळ पोथी वाचलेली नाही!

त्यामुळे आता नवीन काम आलं की मी स्वतःला दोनच प्रश्न विचारते. एक, हे चुकलं तर परत फिरायला किती खर्च येईल? दोन, चुकलंय हे मला कधी कळेल? परत फिरणं महाग असेल, तर बसा, विचार करा, कागदावर पक्कं करा, मगच हात घाला. परत फिरणं स्वस्त असेल आणि लोकांना काय हवं ते धूसर असेल, तर छोटं करून द्या आणि बघा. एकाच प्रोजेक्टमध्ये दोन्ही असू शकतं. बहुतेक वेळा असतंच.

ऑफिसात याचा उपयोग झाला. एका कामात ग्राहकांचा सगळा जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये हलवायचा होता. ‘स्प्रिंटमध्ये बघू’ असं ठरत होतं. मी हात वर केला. म्हटलं, स्क्रीन्स स्प्रिंटमध्ये करू, रोज बदलू. पण डेटा हलवायचा क्रम, बॅकअप आणि तालीम आधी कागदावर पाहिजे, कारण तो पाया आहे. मीटिंगमध्ये दोन मिनिटं शांतता. बॉसच्या चेहऱ्यावर ‘ही अजाइलविरोधी निघाली’ असे भाव. शेवटी ऐकलं त्यांनी. आणि हो, ‘आम्ही अजाइल आहोत’ म्हणत रोज सकाळी रिक्वायरमेंट फिरवणाऱ्या आणि पाऊण तास उभं करून स्टँडअप घेणाऱ्या साहेबांनाही माझा हाच नम्र निरोप आहे. बदलाची किंमत कुणीतरी मोजतंच. बहुतेक वेळा रात्री अकराला, लॅपटॉपसमोर.

घराचं काय झालं? जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं कौल बसलं. आणि २०२३ चा मिरग नेमका कोरडा गेला! मान्सून रखडला, मुंबईत पोचायलाच २५ जून उजाडला. आम्हाला फुकटचे दिवस मिळाले. काका म्हणाले, फरशी उरकून टाकू. मी म्हटलं, प्रॉडक्ट ओनरला विचारा. आजीनं सांगितलं, ‘‘मागचा चर अजून हातभर खोल करा.’’ केला.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री मी पुण्यात जागी होते. सकाळी सहालाच काकांना फोन लावला. म्हणाले, ‘‘भिंत कोरडी आहे. पाणी चरातून गेलं.’’

‘‘आणि आजी? रात्रभर बसून होती का?’’

‘‘झोपलीय. अजून उठली नाय.’’

फरशी अजून व्हायची आहे. यादीत आहे, आजी वर घेईल तेव्हा घेईल.