गृहविज्ञान : मंडपांतील स्पीकर आणि माजघरांतील गाणें

सेलू (जि. परभणी) येथील एका वाचकांनीं विचारलेला प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीं, म्हणून त्याचें उत्तर या सदरांत सविस्तर देणें योग्य वाटतें. त्यांच्या ओळखीच्या एका मंडपवाल्यानें नवें सामान घेतलें असून जुने पंधरा इंची स्पीकर व त्यांवरील कर्णे तो स्वस्तांत काढीत आहे. वाचकांच्या घरीं माणसें अकरा. वडिलांस अलीकडे कमी ऐकूं येतें, पण नाट्यगीतांचा व अभंगांचा नाद सुटलेला नाहीं. धाकट्या सूनबाईंची परीक्षा तोंडावर आली आहे, आणि माजघरांत पाळणाहि हलतो आहे. ‘हें सामान आणून घरच्या स्टीरिओस जोडावें, कीं तो निव्वळ आडदांडपणा ठरेल?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. मंडपाचा स्पीकर आणि घरचा स्पीकर या दोन भिन्न जाती नव्हेत. एकाच कुळांतल्या त्या दोन शाखा आहेत. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं जी रचना प्रसिद्ध केली, तीच आजहि दोहींकडे आहे. शंकूच्या आकाराचा पडदा, त्याच्या मुळाशीं तारेचें वेटोळें आणि त्याभोंवतीं लोहचुंबक, एवढाच तो संसार. त्या काळीं अँप्लिफायरची शक्ति थोड्या वॉटांची असे. म्हणून चित्रपटगृहांसाठीं थोड्या शक्तींत मोठा आवाज देणारे कर्णे करावे लागले. १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरांत ‘आलम आरा’ बोलला, तो अशाच युगांत. पुढें शक्ति स्वस्त झाली, आणि घरांत लहान पेटी हवी अशी मागणी आली. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यांनीं बंद पेटींतील हवेलाच स्प्रिंगेचें काम करावयास लावून लहान पेटींतून खोल खर्ज काढला. मात्र त्याची किंमत म्हणून आवाजाची सढळता गेली. येथून दोन शाखा फुटल्या.

या शास्त्रांत एक कठोर नियम आहे : पेटी लहान असावी, खर्ज खोल असावा, आणि थोड्या शक्तींत आवाज मोठा व्हावा, या तीन इच्छांपैकीं कोणत्याहि दोनच पुऱ्या होतात. घरच्या स्पीकरानें तिसरी इच्छा सोडली. मंडपाच्या स्पीकरानें पहिली सोडली आणि दुसरीलाहि थोडी मुरड घातली.

आतां आंकडे पाहूं. एक वॉट शक्ति दिली असतां एक मीटरावर घरचा लहान स्पीकर सुमारें ८६ डेसिबेल आवाज देतो. मंडपाचा चांगला स्पीकर ९८ देतो. फरक बाराच दिसतो. परंतु दर तीन डेसिबेलांस शक्ति दुप्पट लागते, म्हणजे हा फरक सोळापटींचा झाला. घरांत तीन मीटरांवर बसून ७५ डेसिबेलांनीं गाणें ऐकणें पुष्कळ झालें. त्यासाठीं मंडपाच्या स्पीकरास एका वॉटाचा पंचविसावा भाग पुरतो! तबल्याची थाप क्षणभर वीस डेसिबेलांनीं उसळली, तरी चार वॉट लागतात. यास्तव ‘हजार वॉटांचा स्पीकर आहे, तर अँप्लिफायरहि हजाराचाच हवा’ हा दुकानदारी सल्ला घरापुरता फोल समजावा. तो हजाराचा आंकडा स्पीकर सोसूं शकेल अशा शक्तीचा आहे, त्याच्या भुकेचा नव्हे. घरचा दहा-वीस वॉटांचा स्वच्छ अँप्लिफायर त्यास पुरून उरेल.

येथेंच या स्पीकरांचा खरा गुण दिसतो. वेटोळें तापलें कीं तांब्याचा विरोध दर अंशास सुमारें ०·४ टक्के वाढतो, आणि आवाज दबतो. लग्नाच्या मंडपांत तें वेटोळें भाजून निघतें. घरांत तें कोमटहि होत नाहीं. म्हणून तबल्याची थाप, सतारीचा आघात, गायकाची अचानक उठलेली तान, हीं जशींच्या तशीं उमटतात. दुसरें असें कीं, त्याच्या शंकूची कड बहुधा घड्या घातलेल्या कापडाची असते. घरच्या कित्येक स्पीकरांची फोमची कड पंधरा-वीस वर्षांत विरून जाते. कापडाची कड टिकते.

खर्जाविषयीं मात्र मनांत स्पष्टता हवी. मंडपाच्या पेट्या बहुधा सेकंदास ५० कंपनांच्या आसपास थांबतात. आपल्या संगीतास तेवढें पुरतें काय? काळी एक स्वरांत गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारें १३९ कंपनांचा, आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारें ६९ वर. अर्थात् ख्याल, नाट्यगीत, अभंग यांस कांहीं उणें पडणार नाहीं. आधुनिक चित्रपटांतील जमीन हलविणारा गडगडाट ज्यांस हवा असेल, त्यांनीं मात्र दुसरी सोय पाहावी.

आतां दोष पाहूं. मंडपाच्या अँप्लिफायरांत पंखा असतो; त्याची घरघर मोकळ्या मैदानांत कोणास ऐकूं येत नाहीं, माजघरांत ती रात्रभर बोचेल. तो अँप्लिफायर घेऊंच नये. कर्णा इतका हळवा असतो कीं अँप्लिफायरची बारीक सूंसूंहि तो मोठी करून सांगतो. तेव्हां कर्ण्याच्या वाटेवर योग्य विरोधक घालून त्याचा आवाज खालच्या स्पीकराशीं जुळवून घ्यावा लागतो. शिवाय कर्णा व पंधरा इंची शंकु यांचे स्वर कानाशीं येऊन एकजीव होण्यास अंतर लागतें. अडीच-तीन मीटरांहून जवळ बसावें लागत असेल, तर हें सामान त्या खोलीसाठीं नव्हेच.

उलट, आपल्याकडील जुन्या माळवदाच्या घरांस कर्णा कांहीं बाबतींत मानवतो. दगडी भिंती व शहाबादी फरशी यांवरून आवाज परततो आणि शब्द अस्पष्ट होतात. कर्णा आवाज सर्वत्र न उधळतां एका दिशेस धाडतो. त्यामुळें भिंतींकडे कमी आणि श्रोत्याकडे अधिक जातो. समोर एक सतरंजी व मागील भिंतीस जाड पडदा एवढी जोड दिली तरी पुष्कळ फरक पडेल.

सामान जुनें घेतांना तीन गोष्टी अवश्य पाहाव्या. एक, दोन्ही हातांचीं बोटें शंकूवर समान ठेवून तो हलकेच आंत दाबावा. खरखर ऐकूं आली तर वेटोळें घासत आहे असें समजून परत यावें. दोन, मल्टिमीटरनें विरोध मोजावा. आठ ओहमांच्या स्पीकरास साडेपांच ते साडेसहा दिसल्यास तो ठीक. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची : पेटीच्या आंत क्रॉसओव्हर आहे काय, हें विचारावें. मंडपवाले पुष्कळदां स्वरांची वांटणी पेटीबाहेरील यंत्रांत करितात आणि कर्ण्यास वेगळा अँप्लिफायर जोडतात. असा कर्णा घरच्या अँप्लिफायरास सरळ जोडला, तर खालच्या स्वरांच्या धक्क्यानें त्याचा पातळ पडदा फाटेल. त्या दोन स्पीकरांसाठींच जुळविलेला क्रॉसओव्हर जाणत्याकडून बसवून घ्यावा. तो खर्च किंमतींत धरूनच सौदा करावा.

राहतां राहिला वडिलांच्या ऐकण्याचा प्रश्न, आणि आमच्या मतें मुख्य प्रश्न हाच आहे. वार्धक्यांत प्रथम वरचे स्वर मंदावतात. म्हणजे आवाज पोंचतो, पण ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखीं व्यंजनें निसटतात. तेथें आवाज दुप्पट केल्यानें अर्थ दुप्पट होत नाहीं. त्यांची खुर्ची कर्ण्याच्या रोखांत ठेवल्यास कांहीं लाभ होईल. तथापि कानांच्या वैद्याकडून तपासणी करून श्रवणयंत्र घेणें हा त्यावरील खरा उपाय, आणि तो स्पीकरांच्या आधीं व्हावा. ज्या घरांत गाणें वडिलांसाठीं लागतें आणि नातवाच्या कानांवर आदळतें, त्या घरांत दोघांचेंहि नुकसान होतें. ८५ डेसिबेल आठ तास ही कामगारांसाठीं घातलेली मर्यादा आहे. दर तीन डेसिबेलांस ती वेळ निम्मी होते, आणि १०० वर पंधरा मिनिटेंच उरतात. मंडपाचा स्पीकर एक मीटरावर तो आंकडा दोन वॉटांतच गांठतो! पाळण्यांतलें मूल उठून दुसरीकडे जाऊं शकत नाहीं, हें विसरूं नये. तसेंच २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं दहानंतर ४५ डेसिबेल हें प्रमाण आहे. खासगी यंत्राचा आवाज आपल्या हद्दीवर त्याहून पांचापेक्षां अधिक चढतां कामा नये.

सारांश, ओसरी किंवा दिवाणखाना लांब असेल, पेटीस अंग पसरावयास जागा असेल, क्रॉसओव्हर नीट असेल आणि ऐकणें मुख्यतः गायन-वादनाचें असेल, तर हें सामान खुशाल घ्यावें. पंधरा इंचीऐवजीं बारा इंची मिळाल्यास अधिक बरें. अँप्लिफायर लहान असावा, त्याच्या आवाजाच्या खुंटीवर कमाल मर्यादेची खूण करावी, आणि ती खूण परीक्षा असलेल्या सूनबाईंनीं ठरवावी. मोठ्या सामर्थ्याचें यंत्र घरांत आणण्यास हरकत नाहीं. मात्र तें हळू बोलावयास लावण्याची शिस्त घरांत आधीं असावी. चांगल्या स्पीकराची परीक्षा तो किती ओरडतो यानें होत नाहीं. शेजारच्या खोलींत मूल झोंपलेलें असतां तंबोऱ्याची जवारी स्पष्ट ऐकूं येते कीं नाहीं, यानेंच ती होते.